नवमीला काढलेली पाचर

गेल्या उन्हाळ्यात माझ्या कारखान्यातल्या कटर मशीनचं बेअरिंग तिसऱ्यांदा गेलं. फिटरने मशीन उघडलं, पात्याचा दांडा हाताने फिरवून पाहिला आणि मान हलवली. "फौजी, आता ह्याच्यात जीव न्हाई. नवं बगा," तो म्हणाला. कारखान्यात काम करणाऱ्या तिघांनाही आनंद झाला. रोज त्या खडखडाटात काम करून त्यांचे कान किटले होते. लगेच मोबाईल निघाले आणि मशीनचे व्हिडिओ एकमेकांना दाखवणं सुरू झालं. मी त्यांच्यात उभा राहून हो हो म्हणत होतो, पण एकाही व्हिडिओकडे नीट बघत नव्हतो.

कारण नवं कटर निवडायचं तर मला एका माणसाला विचारायला जायला हवं होतं. लाकूड कापायच्या यंत्रातलं मला जे काही कळतं ते त्याने शिकवलेलं आहे. आणि त्याच्यासमोर कटरचा विषय काढायचा तर सहा वर्षं लपवलेली एक गोष्ट आधी त्याला सांगायला हवी होती. ती सांगितल्यावर तो माझं तोंड पाहील की नाही, हे मला माहीत नव्हतं.

मी सतरा वर्षं फौजेत काढली आणि हवालदार म्हणून साताऱ्याला परत आलो. बरोबरीचे बरेच जण बँकांच्या दारात बंदूक घेऊन उभे राहिले. मला ते नको होतं. लाकडाची आवड होती, म्हणून एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत पत्र्याची शेड टाकली. दरवाजे, चौकटी, कपाटं करायची असं ठरवलं. आवड होती, पण अक्कल नव्हती. ती मिस्त्रींनी आणली. मिस्त्री सांगलीकडचे, माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठे. साताऱ्यातल्या एका मंगल कार्यालयाचं काम संपवून ते गावी परत निघाले होते. वाटेत माझ्या शेडमध्ये पाणी प्यायला थांबले, मी फळीला रंधा मारत होतो ते बघत उभे राहिले आणि म्हणाले, "आवं फौजी, लाकूड काय दुश्मन हाय व्हय?" त्या दिवसापासून आठ वर्षं ते माझ्याकडे राहिले. महिन्यातून दोनदा घरी जायचे. मी त्यांना मिस्त्री म्हणायचो, ते मला फौजी. मालक असं त्यांनी मला कधीच म्हटलं नाही आणि मलाही ते बरं वाटायचं.

कटर घेतलं तेव्हा त्यांनीच पारखून घेतलं. लोखंडी टेबल, मधून वर येणारं गोल पातं, पात्यावर झाकण, आणि पात्याच्या पाठीमागे उभी असलेली एक पातळ पोलादी पट्टी. या पट्टीवर ते झाकण बसवलेलं होतं. कंपनीच्या पुस्तकात तिचं काहीतरी नाव होतं. मिस्त्री तिला पाचर म्हणायचे. हाताच्या करवतीने फळी उभी फाडताना लाकूड मागे मिटायला लागलं, की सुतार चिरेत लाकडाची पाचर ठोकतो, म्हणजे करवत अडकत नाही. ही पट्टी तेच काम करते. कापलेली फाक परत मिटू देत नाही. मिटली, तर लाकूड फिरत्या पात्याला पकडतं आणि पातं ते लाकूड उचलून माणसाच्या अंगावर फेकतं. त्याबरोबर हात कुठे ओढला जाईल याचा नेम नसतो.

"पाचर न्हाई तर मी फाडणार न्हाई," हे मिस्त्रींचं वाक्य मी शंभरदा ऐकलं असेल.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. आदल्या दिवशी शेड धुऊन काढायची, रंधे, पटाशा, करवती पाटावर मांडायच्या, मशीनला झेंडूच्या माळा घालायच्या. पूजा झाल्यावर त्या दिवशी कुठल्याच हत्याराला हात लावायचा नाही, ती विश्रांतीला बसतात. कटरच्या पूजेत एक अडचण होती. हळदकुंकू पात्याला लागलं पाहिजे, कारण हत्यार ते आहे, झाकण नव्हे. म्हणून दर नवमीला आम्ही पाचर आणि झाकण काढून ठेवायचो, पात्याला बोटं लावायचो, माळ घालायचो आणि दसरा झाल्यावर परत बसवायचो. आमच्या रस्त्यावरच्या सगळ्या शेडमध्ये हीच पद्धत होती. यंत्राला हात जोडायचे म्हणून त्याचं माणसाला राखणारं अंग काढून ठेवायचं, हे कुणाला खटकलं नाही. मलाही नाही.

त्या वर्षी पूजा चालू असताना देवीचा फोटो ठेवलेला चौरंग डुगडुगायला लागला. एक पाय आखूड होता. मिस्त्री उठले, कोपऱ्यातली लाकडाची एक ढलपी घेतली, कटरचं बटण दाबलं आणि बोटभर तुकडा कापून पायाखाली सरकवला. क्षणाचं काम. पात्यावरची माळ काढायचं मात्र ते विसरले होते, त्यामुळे झेंडूच्या पाकळ्या शेडभर उडाल्या. शेजारच्या वेल्डिंगवाल्याने विचारलं, "आवं मिस्त्री, आज मशीन चालवत्यात व्हय?"

"देवीच्याच कामाला चाललंय की रं," मिस्त्री हसून म्हणाले. "तिचंच आसन हलत हुतं."

सगळे हसले. प्रसाद वाटला. मीही हसलो.

दसऱ्यानंतर काम सुरू झालं. एका वसतिगृहाची कपाटं दिवाळीआधी द्यायची होती. त्यांच्या दरवाजांच्या चौकटींना प्लायवूड बसवायला खाच मारायची असते. खाच म्हणजे पातं लाकडातून आरपार जात नाही, वर लाकूड शाबूत राहतं. आमच्या मशीनची पाचर पात्याहून उंच होती, म्हणून खाच मारताना ती आणि झाकण दोन्ही काढावं लागायचं. मग परत फळ्या फाडायच्या तर परत बसवायचं, रेषेत आणायचं, आवळायचं. दिवसातून चार वेळा हे करण्यात दोन तास जायचे. त्या सकाळी पाचर नवमीपासून काढलेलीच होती. मला वाटलं, दिवाळीपर्यंत अशीच राहू दे. पण मिस्त्री ऐकणार नव्हते. मग मी शेडमध्ये सगळ्यांच्या आधी आलो, पाचर आणि तिचा बोल्ट उचलला आणि माझ्या फौजेतल्या काळ्या पेटीत, जुन्या जर्सीखाली ठेवून दिला.

मिस्त्री आल्यावर विचारलंच. "फौजी, पाचर कुठं ठेवली?"

"काढताना बोल्ट तुटला," मी म्हणालो. "नमुन्याला पाचर पाठवून कंपनीला कळवलंय. आठ-दहा दिवसांत येईल. तोवर जरा जपून करू."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर चुकवली नाही. सतरा वर्षांत रायफलची सेफ्टी लावल्याशिवाय मी ती कुणाच्या हातात दिली नव्हती, आणि तसं करणाऱ्या पोरांना भर उन्हात मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या होत्या. तोच मी सरळ त्यांच्या डोळ्यांत बघून खोटं बोललो.

"बरं," ते म्हणाले. "तुमी म्हणताय म्हंजे कळवलंच असंल."

बाराव्या दिवशी ते झालं. मी अंगणात फोनवर होतो. वसतिगृहाच्या माणसाला सांगत होतो की दिवाळीच्या आत नक्की देतो. आत सागाची फळी फाडणं चालू होतं. लाकूड पोटात ओलं होतं, ते मिटलं. मला आधी मशीनचा आवाज बदललेला ऐकू आला, मग फळी पत्र्यावर आदळल्याचा. मिस्त्री ओरडले नाहीत. मी आत गेलो तेव्हा ते डावा हात उजव्या हाताने दाबून धरून उभे होते आणि बटणाकडे बघत म्हणत होते, "बंद करा आदी. मशीन बंद करा."

साताऱ्याला पट्टी झाली आणि पुढे मिरजेला नेलं. डॉक्टरांनी जमेल ते केलं. डाव्या हाताचं अंगठ्याजवळचं आणि मधलं अशी दोन बोटं पूर्ण गेली, तिसरं अर्धं गेलं. मिरजेला जाताना गाडीत त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. कराड ओलांडल्यावर त्यांनी डोळे उघडले.

"फौजी, नवमी बाधली."

"बोलू नका, मिस्त्री."

"न्हाई, मला कळतंय. यंत्र इसाव्याला बसलं हुतं आन मी चालवलं. वर इनोद केला." थोड्या वेळाने ते म्हणाले, "तुमचा बोल्ट तुटला तवाच वळखायला पायजे हुतं. ती खूण हुती."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. गाडीत दुसरं कुणी नव्हतं, फक्त ड्रायव्हर. मी त्यांच्या कपाळावरून हात फिरवत राहिलो. मी जे खोटं बोललो होतो, ते त्यांनी देवाच्या रागाचा पुरावा म्हणून जपून ठेवलं होतं, आणि मी ते त्यांच्याकडे राहू दिलं.

दवाखान्याचं सगळं मी पाहिलं. रोज मिरजेला जात राहिलो. त्यांच्या गावातली माणसं भेटायला यायची आणि मला म्हणायची, "एवढं कोण करतंय हो? फौजी माणूस म्हणून केलं." हे ऐकताना मला तिथून पळून जावंसं वाटायचं. पण मी पळालो नाही, हात जोडून उभा राहायचो.

याहून वाईट गोष्ट पुढची आहे. हात बरा झाल्यावर मिस्त्रींना परत यायचं होतं. मी त्यांच्या घरी गेलो होतो. त्यांनी मला उरलेल्या अडीच बोटांनी पाटी सरकवून दाखवली. "ढकलता येतंय बगा. लय काय अडणार न्हाई." पण वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, चहाचा कप माझ्या हातात देत म्हणाल्या, "भावजी, देवीनं एकदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगायची वाट बगायची न्हाई. आता ह्यो माणूस मशीनला शिवणार न्हाई." मिस्त्रींनी मान खाली घातली. आणि मला सुटल्यासारखं वाटलं. हो, सुटल्यासारखं. कारण ते परत आले असते, तर पहिल्याच दिवशी त्यांनी जुन्या पाचरीचं काय झालं ते विचारलं असतं. मी तो चहा सगळा प्यायलो आणि निघालो.

पुढे ते मिरजेत एका तंबोरे करणाऱ्याकडे बसायला लागले. ड्रेसिंगला जाता-येता त्याच्या दारात थांबायचे, तिथून ओळख झाली. तंबोऱ्याच्या खुंट्या घासून भोकात बरोबर बसवायच्या, असं हाताचं काम. वीज नाही, पातं नाही. दर नवमीला मात्र ते दिवसभर काही खात नसत. घरात पुरणपोळीचा नैवेद्य, सगळे जेवायला बसलेले, आणि हे भिंतीला टेकून पाणी पिऊन बसलेले. वहिनींनीच हे प्रायश्चित्त सांगितलं होतं. मला हे दुसऱ्या वर्षी कळलं. तरीही मी चार वर्षं गप्प राहिलो. नवमीला मी माझ्या घरी जेवायचो.

पाचर मी अपघातानंतर मशीनवर परत बसवली नाही. तिला हातच लागेना. नवी मागवून ती लावली आणि जुनी पेटीतच राहिली.

म्हणून बेअरिंग गेल्यावर मी दहा दिवस नुसते व्हिडिओ पाहिले. परदेशात एक असं मशीन निघालंय की पात्याला मांसाचा स्पर्श झाला तर ते डोळ्याचं पातं लवायच्या आत थांबतं. ते मी किती वेळा पाहिलं असेल सांगता येत नाही. आपल्याकडे ते कुणी दुरुस्त करत नाही आणि माझ्या आवाक्यातलंही नाही. अकराव्या दिवशी मी मिस्त्रींना फोन केला. सांगलीत एका दुकानात दोन मशीन आहेत, बघायला येता का, असं विचारलं.

"मला इच्यारायला सांगलीला येताय?" ते हसले. "साडेसात बोटांच्या माणसाला?"

"तुमच्याशिवाय कुणाला विचारू?"

"या मग. पण घरात बोलू नगा कटरचं. बायको मलाच फाडंल उभा."

मी पेटी उघडली, पाचर वर्तमानपत्रात गुंडाळली आणि पिशवीत टाकून पहाटेची एसटी पकडली.

दुकान मिरजेच्या रस्त्याला होतं. बाहेरून हळदीची पोती लादलेला एक ट्रक चालला होता आणि त्याचा वास दुकानात भरून राहिला होता. दुकानदार तरुण, बोलका होता. एक निळं मशीन आणि एक राखाडी, अशी दोन शेजारी मांडली होती. त्याने निळ्याचं झाकण आमच्यासमोर दोन मिनिटांत खोलून बाजूला ठेवलं.

"हे काय कुणी लावत नाही, काका. नुसती अडचण. आता बघा, लोण्यासारखं कापतं."

"लोणी कापायला मशीन कशाला?" मिस्त्री म्हणाले. "घरात काकी हाय की."

दुकानदार हसला आणि तेवढ्यात त्याची नजर त्यांच्या हातावर गेली. "हे मशीनवर झालं का, काका?"

"न्हाई, काकीनं लाटण्यानं हाणलं." मग मिस्त्री गंभीर झाले. टेबलाच्या लोखंडावरून त्यांनी तो हात फिरवला, सहा वर्षांनी ते एखाद्या कटरला शिवत होते. "मशीनचा दोष न्हाई, गड्या. मीच नवमीला चालवलं. पूजा झाल्याली आन मी बटण दाबलं. माझं मी भोगलं. तू आपला नवमी पाळत जा."

दुकानदाराने मान डोलावली. "आम्ही पाळतो, काका. शटरच उघडत नाही."

माझ्या हातात पिशवी होती. मी म्हणालो, "मिस्त्री, जरा बाहेर या."

शेजारी चहाचा गाडा होता. आम्ही बाकावर बसलो. चहा आला. मी पिशवीतून ती पुडी काढली, कागद सोडला आणि पाचर आमच्या दोघांच्या मध्ये बाकावर ठेवली. आमच्या जुन्या मशीनचा निळा रंग तिच्यावर अजून होता. बोल्ट तिच्या भोकात अडकवलेला होता, मी ठेवला होता तसाच.

त्यांनी ओळखली. उचलून उजेडात धरली. मग अंगठ्याने बोल्ट फिरवला, पूर्ण बाहेर काढला, आटे पाहिले आणि परत फिरवून आत घातला.

"बोल्ट तर धड हाय," ते म्हणाले.

"तुटलाच नव्हता. मी खोटं बोललो होतो. खाचांना वेळ जात होता म्हणून मी पाचर लपवली. कंपनीला काहीच कळवलं नव्हतं." माझा आवाज मलाच लांबून आल्यासारखा वाटत होता. "नवमीमुळे काही झालं नाही, मिस्त्री. माझ्यामुळे झालं."

ते पाचरीकडेच बघत होते. "कुठं हुती?"

"शेडमध्ये. माझ्या काळ्या पेटीत."

"भिंतीकडंच्या?"

"हो."

"मी त्या पेटीवर बसून भाकरी खायचो." ते हे इतकं हळू म्हणाले की गाडेवाल्याच्या स्टोव्हच्या आवाजात ते जवळजवळ बुडून गेलं. "बारा दिस. तिच्यावरच बसायचो मी."

मला माफी मागायची होती, पण तो शब्द तोंडात आला आणि मला त्याची लाज वाटली. चहावर साय धरली. त्यांनी ती बोटाने बाजूला केली आणि चहा पिऊन टाकला.

"बोटांचं म्हणशील तर," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला एकेरीत हाक मारली होती. "बोटं गेली असतील-नसतील. लाकूड ओलं हुतं, मलाबी कळायला पायजे हुतं. पर मी मशीनवर परत हुबा ऱ्हायलो असतो. मला येत हुतं ते काम. तू आमच्या घरी बसून च्या पिलास आन ऐकून घेतलंस."

"हो."

"आन मी उपाशी बसत हुतो."

"हो."

ते उठले. पाचर त्यांच्या हातातच होती. "घरी चल. तिला सांग. मी न्हाई सांगणार. तुझ्या तोंडानं सांग."

घर नदीकडच्या भागात, दोन खोल्यांचं. वहिनींनी तांब्या-पेला आणून ठेवला. "भावजी, लय दिसांनी," त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला वळल्या. मिस्त्रींनी त्यांना थांबवलं. मी उभा राहूनच सांगितलं. फौजेत चूक कबूल करताना सावधानमध्ये उभं राहतात. माझे हात आपोआप मांड्यांना चिकटले होते आणि मला त्याचंही वाईट वाटत होतं, कारण ते नाटक वाटेल अशी भीती होती. वहिनी ऐकताना एकदा नवऱ्याकडे बघायच्या, एकदा त्या लोखंडी पट्टीकडे.

माझं सांगून झालं. मग त्या म्हणाल्या, "मी ह्याला पाच नवम्या उपाशी ठेवलं. पुरणपोळी ताटात घालून ह्याच्या पुढ्यातून उचलली. पोरं म्हणायची, आई, बाबाला दे की. मी दिली न्हाई." त्यांचा आवाज चढला नाही. "तुमचं पाप तुमी देवीवर घातलं, फौजी."

आजवर त्या मला भावजी म्हणत आल्या होत्या.

"हो, वहिनी," मी म्हणालो.

"पाणी प्या आन जावा."

मी पाणी प्यायलो. चहाचं कुणी काही बोललं नाही. मिस्त्री दारापर्यंत आले, मग चप्पल घालून रिक्षाच्या थांब्यापर्यंत आले. वाटेत माझ्या दोन पावलं पुढेच चालत होते. मला वाटलं, आता हे शेवटचंच. रिक्षात बसल्यावर ते वाकून आत डोकावले.

"निळं घेऊ नगा," ते म्हणाले. ते परत अहो-जाहोवर आले होते, आणि त्यात जवळीक होती की दुरावा, हे मला आजही कळलेलं नाही. "निळ्याची पाचर पात्याच्या वर जातीय, आपल्या जुन्यागत. खाच मारताना काढावीच लागंल. राखाडी घ्या. तिची पाचर पात्याहून सुतभर खालती हाय आन पात्याबरोबरच वर-खाली हुतीय. खाचंला नुसतं झाकण निघतंय, पाचर ऱ्हातीय. मी हात लावून बगितलंय."

"बरं, मिस्त्री."

"माणूस काढणारच, फौजी. घाई आली की काढणारच. तवा काढायची गरजच पडू नये असलं मशीन घ्यावं." त्यांनी रिक्षावाल्याला जायची खूण केली. जुनी पाचर त्यांच्या दुसऱ्या हातात, अंगठा आणि करंगळीच्या मध्ये धरलेली होती. ती त्यांनी मला परत दिली नाही आणि मी मागितली नाही.

मी राखाडी घेतलं. ते पावसाळ्याच्या तोंडाला आलं, बसवलं आणि चालू झालं. जी मुलं माझ्याकडे आहेत त्यांना पहिल्याच दिवशी मी सगळी हकीकत सांगितली, कुणाचंही काही न झाकता. एकाने विचारलं, "मग पोलीस केस नाय झाली का तुमच्यावर?" नाही झाली, मी म्हणालो. त्यानंतर माझ्याशी बोलताना तो थोडा जपून बोलतो. ते बरोबरच आहे. त्याने जपलंच पाहिजे.

मिस्त्रींना मी महिनाभराने फोन केला. उचलला नाही. पुढच्या महिन्यात केला, तेव्हा दोन शब्द बोलले. मशीन रेषेत बसलंय का, एवढंच. कामावर परत या, असं मी म्हणू शकलो नाही. सहा वर्षांत त्यांचा हात खुंट्यांना लागून गेलाय, आणि ज्या शेडमध्ये ती पेटी आहे तिथे त्यांनी यावं असं मागण्याचा मला अधिकार नाही.

या खंडेनवमीला आम्ही शेड धुतली, हत्यारं मांडली. कटरजवळ आल्यावर मुलं थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली. मी हळदकुंकू झाकणाला लावलं, झाकणातून डोकावणाऱ्या पाचरीच्या टोकाला लावलं आणि माळ टेबलाला बांधली. पात्यापर्यंत बोट नेलं नाही. शेजारचा वेल्डिंगवाला बघत होता. "हे काय नवीन?" म्हणाला. मी त्याला म्हटलं, ज्याने माणूस राखला त्याची पूजा. तो खांदे उडवून गेला.

दुपारी एक वाजता मी अंगणात आलो. अपघाताच्या दिवशी फोनवर बोलत जिथे उभा होतो, तिथेच. मिस्त्रींना फोन लावला. घंटा बराच वेळ वाजत राहिली. मग उचलला गेला, पण आवाज वहिनींचा होता. मागून ताटांचा आवाज येत होता आणि कुणीतरी तूप मागत होतं.

मी म्हणालो, "वहिनी, मी बोलतोय."

"जेवायला बसल्यात ते," त्या म्हणाल्या. "मग करा फोन."

आणि फोन ठेवला.